वाचकांचे प्रश्न : लिनक्स आणि प्रोग्रॅमिंग शिकायचं, पण कशावरून?

ठाण्यापासून खारघरपर्यंतच्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. तक्रार थोड्याफार फरकाने एकच आहे: शिकण्याचं साहित्य ढिगाने मिळतं, पण करून बघायला गेलं की चालत नाही. वाचण्याआधी एक सूचना. इथे कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करा. लिनक्सला लहान आणि मोठं अक्षर वेगवेगळं वाटतं.

प्रश्न : डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यूट्यूबवरची लिनक्सची बावीस तासांची मालिका निम्मी बघून झाली. त्यातल्या बऱ्याच कमांडना माझं उबुंटू लिनक्स २४.०४ 'कमांड नॉट फाउंड' म्हणतं. लॅपटॉपमध्ये बिघाड आहे का? आणि नेमकं कशावरून शिकू?
— एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : लॅपटॉप ठणठणीत आहे, मालिका शिळी आहे. 'आयएफकॉन्फिग' आणि 'नेटस्टॅट' या कमांड 'नेट-टूल्स' नावाच्या जुन्या पॅकेजमध्ये येतात आणि आताच्या उबुंटूत ते आधीपासून घातलेलं नसतं. त्यांच्या जागी अनुक्रमे 'आयपी ए' आणि 'एसएस' वापरा. सेवा सुरू-बंद करायच्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे इनिट-डीच्या, स्क्रिप्ट लिहायला शिकवणारे धडे २०१५ च्या आधीच्या जमान्यातले समजा. त्या वर्षी उबुंटू १५.०४ आणि डेबियन लिनक्स ८ दोन्ही सिस्टिमडी या नव्या यंत्रणेवर गेले आणि तेव्हापासून सेवा सुरू-बंद करायला 'सिस्टिमसीटीएल' आलं. सेंटओएस या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेले धडे तर सरळ बाजूला ठेवा. सेंटओएस ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ ला संपला, ७ चा ३० जून २०२४ ला. सॉफ्टवेअरचे साठे मूळ पत्त्यावरून हलवले गेले, त्यामुळे 'यम' या सॉफ्टवेअर घालणाऱ्या कमांडचा पहिलाच धडा अडकतो. त्याच घराण्यातलं शिकायचं असेल तर रॉकी किंवा अल्मा लिनक्स घ्या.

व्हिडिओ कधी चढवला ती तारीख बघून भागत नाही. शिळ्या कढीला ऊत आणून तीच मालिका नव्या चित्रासह पुन्हा चढवली जाते. पडद्यावर दिसणारी आवृत्ती बघा. उबुंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना: २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येणारी एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीची, आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. धडा १६.०४ चा असेल तर 'सीडी', 'एलएस', 'ग्रेप', फाइलचे हक्क हे सगळं आजही तसंच शिका, कारण ते दशकानुदशकं बदललेलं नाही. मात्र नेटवर्क, सेवा, सॉफ्टवेअर घालणं आणि पायथन यांसाठी नवा धडा शोधा. आपल्या यंत्रावर काय आहे ते 'कॅट' लिहून 'ईटीसी' फोल्डरातली 'ओएस-रिलीज' फाइल उघडली की कळतं.

आता कशावरून शिकायचं. तुमच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळणारं पुस्तक तुमच्याच यंत्रात आहे: मॅन पानं, म्हणजे 'मॅन' आणि पुढे कमांडचं नाव लिहिलं की उघडणारी माहिती. लोक ती एकदा उघडतात, घाबरतात आणि परत जात नाहीत, कारण ती वाचायची कशी हे कुणी सांगत नाही. पानांचे आठ विभाग आहेत. पहिल्यात कमांड, दुसऱ्यात कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सिस्टिम कॉल, तिसऱ्यात सी लायब्ररीतली फंक्शन, पाचव्यात फाइलींचे साचे, आठव्यात व्यवस्थापकाच्या कमांड. म्हणून 'मॅन प्रिंटएफ' लिहिलं की सी भाषेचं नव्हे, शेलच्या (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) प्रिंटएफचं पान उघडतं. सी-साठी 'मॅन ३ प्रिंटएफ' लिहावं लागतं आणि तेही उघडलं नाही तर 'मॅनपेजेस-डेव्ह' हे पॅकेज घालावं लागतं. पान उघडल्यावर तिरकी रेघ टाइप करून शब्द लिहिला की शोध सुरू होतो, 'एन'ने पुढची जागा, 'क्यू'ने बाहेर. 'सीडी'चं मॅन पान शोधून दमू नका. ती शेलच्या पोटातली कमांड आहे, तिथे 'हेल्प सीडी' लिहायचं. कमांडचं नावच आठवत नसेल तर 'ॲप्रोपोस' आणि पुढे विषयाचा इंग्रजी शब्द.

मॅन पान हा शब्दकोश आहे, पाठ्यपुस्तक नव्हे. पाठ्यपुस्तक म्हणून विल्यम शॉट्स यांचं 'द लिनक्स कमांड लाइन' घ्या. त्याची पीडीएफ लेखकानेच मोफत ठेवली आहे. रोज एक प्रकरण, आणि प्रत्येक उदाहरण हाताने टाइप करून. कॉपी-पेस्ट केलेली कमांड हातात बसत नाही. अडलं तर आर्च विकी, म्हणजे आर्च नावाच्या लिनक्सचा ऑनलाइन माहितीकोश. तुम्ही आर्च वापरत नसलात तरी चालेल. पॅकेजची नावं आणि सॉफ्टवेअर घालणाऱ्या 'पॅकमॅन'च्या ओळी सोडून द्या. सेटिंगच्या फाइली, ब्लूटूथ, आवाज, प्रिंटर यांबद्दलची तिथली माहिती कुठल्याही डिस्ट्रोला, म्हणजे लिनक्सच्या प्रकाराला, लागू पडते. बावीस तासांची मालिका इथेच सोडलीत तरी काही बिघडणार नाही.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, मराठी माध्यमात. त्याला पायथन शिकायचं आहे, पण इंग्रजीतून भराभर बोललेलं समजत नाही. मराठीत काही दर्जेदार आहे का? घरी इंटरनेट फक्त माझ्या फोनवर आहे.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आहे, आणि तुमच्यापासून फार लांब तयार होत नाही. पवईच्या आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ मोफत देतो आणि त्यांतल्या अनेकांचा आवाज मराठीत आहे. लिनक्स, बॅश, सी आणि सी++, पायथन, लिबरऑफिस असे विषय आहेत. भाषा आणि विषय निवडून व्हिडिओंचा संच एकदाच उतरवून घेण्याची सोयही तिथे आहे. फोनचा डेटा रोज खर्ची पडणार नाही.

हे व्हिडिओ सिनेमासारखे बघायचे नसतात. पडद्याचा अर्धा भाग व्हिडिओला, अर्धा प्रत्यक्ष सॉफ्टवेअरला द्यायचा. निवेदक थांबवायला सांगेल तिथे थांबवून तेच आपण करायचं. दहा मिनिटांच्या धड्याला पाऊण तास लागला तर तो नीट झाला असं समजा.

दोन गोष्टी सांभाळा. पायथनची एकापेक्षा जास्त मालिका दिसेल, 'पायथन ३.४.३' असं नाव असलेली घ्या. जुन्या मालिकेत पायथन २ आहे आणि त्याचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. तिची ओळख पहिल्या धड्यातच पटते: 'प्रिंट'नंतर कंस नसेल तर ती जुनी. दुसरं म्हणजे धडा कुठल्या भाषेत आहे ते प्रत्येक वेळी तपासा. मालिकेतले सगळेच भाग मराठीत असतील असं नाही. मधला एखादा इंग्रजीत निघाला तर त्यासोबतचा लिखित मजकूर समोर ठेवून बघा, वेग आपल्या हातात राहतो.

एरर मात्र इंग्रजीतच येणार आणि ती इंग्रजीतच वाचायला शिकवा. पायथनची एरर खालून वर वाचायची: शेवटच्या ओळीत काय चुकलं, तिच्या वरच्या ओळींत कुठे चुकलं. एवढं एक वळण लागलं की निम्मी धास्ती जाते.

प्रश्न : ऐरोलीला सपोर्टमध्ये नोकरी आहे, घरी पायथन शिकतो. पायथनचं पॅकेज घालायला 'पिप इन्स्टॉल' केलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट' अशी लांबलचक एरर येते. शोधल्यावर एके ठिकाणी 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय जोडायला सांगितला आहे. जोडू का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नका जोडू. पर्यायाचं नावच काय होणार ते सांगतंय.

उबुंटू आणि डेबियनची स्वतःची बरीच अवजारं सिस्टिमच्या पायथनवर चालतात, आणि त्यांना लागणारी पॅकेजेस 'ॲप्ट' हे सॉफ्टवेअर घालणारं अवजार सांभाळतं. 'पिप'ने त्याच जागी एखाद्या पॅकेजची वेगळी आवृत्ती घातली की 'ॲप्ट'ला पत्ता लागत नाही आणि पुढच्या अपडेटला कुठलं तरी अवजार मान टाकतं. म्हणून उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून हा अडसर मुद्दाम घातला आहे. जुन्या धड्यांत तो दिसत नाही, कारण तेव्हा तो नव्हता.

योग्य वाट म्हणजे व्हेन्व्ह, प्रोजेक्टपुरती पायथनची वेगळी जागा. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व्ह' एकदाच करा. हे राहिलं तर पुढच्या पायरीला 'एन्शुअरपिप'ची तक्रार येते आणि लोक तिथेच कंटाळतात. मग प्रोजेक्टच्या फोल्डरात जाऊन 'पायथन३ वजा-एम व्हेन्व्ह' आणि पुढे फोल्डरला द्यायचं नाव, समजा 'सराव'. इंग्रजी अक्षरांत लिहा. मग 'सोर्स' लिहून त्या फोल्डरातल्या 'बिन'मधली 'ॲक्टिव्हेट' फाइल द्या. ओळीच्या सुरुवातीला कंसात 'सराव' दिसलं की तुम्ही आत आहात; आता 'पिप इन्स्टॉल' निमूट चालेल. बाहेर पडायला 'डीॲक्टिव्हेट'.

इथे हमखास होणारी चूक: टर्मिनल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडलं आणि 'मॉड्यूल नॉट फाउंड' आलं. पॅकेज उडालेलं नसतं, तुम्ही बाहेर असता. 'ॲक्टिव्हेट' प्रत्येक नव्या टर्मिनलमध्ये करावं लागतं. दुसरी चूक 'सुडो पिप'ची. 'सुडो' लावलं की आत असूनही सिस्टिमचाच पिप चालतो. आणि व्हेन्व्हचं फोल्डर हलवू किंवा त्याचं नाव बदलू नका. आतल्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ते कोरलेले असतात. फोल्डर बिघडलंच तर खुशाल उडवा आणि नवं करा, तुमचा कोड त्याच्या बाहेर असला म्हणजे झालं.

शिकण्यासाठी पायथनचं अधिकृत ट्युटोरियल पुरेसं आहे, मात्र पानाच्या वरच्या यादीतून तुमच्या यंत्रावरची आवृत्ती निवडून ठेवा. ज्यांनी आयुष्यात कधी प्रोग्रॅमिंग केलेलं नाही त्यांना ते थोडं कोरडं वाटेल. त्यांनी ॲलन डाउनी यांच्या मोफत 'थिंक पायथन'पासून सुरुवात करावी.

प्रश्न : कॉलेजात टर्बो सीवर शिकवतात. घरी लिनक्सवर तेच प्रोग्रॅम जीसीसी या कंपायलरने चालवले तर पहिल्या ओळीपासून एरर. सर म्हणतात, परीक्षेपुरतं टर्बोच ठेव. दोन्ही कसं सांभाळू?
— एक विद्यार्थिनी, कोपरखैरणे

उत्तर : टर्बो सी बोर्लंड कंपनीने १९८७ मध्ये डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी काढलं. ते १६ बिटचं आहे, आताच्या ६४ बिट विंडोजवर ते थेट चालतही नाही. लॅबमध्ये डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये बसवून चालवतात. परीक्षेच्या पेपरवर सर सांगतात तसं लिहा, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण सवय जीसीसीची लावा. फरक मोजकेच आहेत.

'कोनिओ' ही हेडर फाइल डॉसची, लिनक्सवर नाही. ती काढा, 'सीएलआरएससीआर' आणि 'गेटसीएच'ही काढा. 'गेटसीएच' लागायचं ते आउटपुटचा पडदा पटकन मिटू नये म्हणून, टर्मिनलमध्ये तो मिटतच नाही. 'व्हॉइड मेन'ऐवजी 'इंट मेन' लिहा. सीमध्ये जीसीसी एखादी ताकीद देऊन सोडेल, सी++ मध्ये जी++ सरळ नकार देतं. सी++ च्या 'आयओस्ट्रीम'मागचं 'डॉट एच' १९९८ च्या प्रमाण आवृत्तीपासून गेलं, आता त्याच्या खाली 'युझिंग नेमस्पेस एसटीडी' ही ओळ लागते. 'गेट्स' हे फंक्शन २०११ च्या सी प्रमाणातून काढूनच टाकलं, कारण वाचलेला मजकूर ठेवलेल्या जागेपेक्षा लांब निघाला तर ते शेजारची मेमरी तुडवतं, 'एफगेट्स' वापरा.

उत्तरं जुळत नाहीत त्याचंही कारण असतं. टर्बोत 'इंट' दोन बाइटचा, कमाल ३२७६७. जीसीसीत तो चार बाइटचा. 'साइझऑफ'ची उत्तरं आणि आकडा ओव्हरफ्लो होऊन उणे होण्याची उदाहरणं म्हणूनच वेगळी येतात. आणि एकाच ओळीत 'आय' तीनदा वाढवून 'आउटपुट सांगा' असं विचारणारे जे लाडके प्रश्न आहेत, त्यांना भाषेच्या नियमाप्रमाणे ठरलेलं उत्तरच नाही. टर्बो एक देईल, जीसीसी दुसरं, आणि दोन्ही बरोबर. असल्या प्रश्नांच्या गाइडवर पैसे घालू नका.

जीसीसी चालवताना 'वजा-वॉल', 'वजा-डब्ल्यू-एक्स्ट्रा' आणि 'वजा-जी' हे तीन पर्याय नेहमी लावा, पहिल्या दोनमधले 'डब्ल्यू' मोठे. ताकीद म्हणजे चूक नव्हे असं समजून पुढे जाऊ नका. डेबियन १३ मधल्या जीसीसी १४ ने फंक्शन न जाहीर करता वापरणं थेट एररमध्ये काढलं आहे, जुन्या आवृत्त्या नुसती ताकीद देत होत्या. 'स्क्वेअर रूट' वापरून 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आलं तर ओळीच्या शेवटी 'वजा-एलएम' जोडा, सुरुवातीला नको. आणि प्रोग्रॅमला 'टेस्ट' नाव देऊ नका. नुसतं 'टेस्ट' लिहिलं की शेलची त्याच नावाची आतली कमांड चालते, काहीच छापत नाही, आणि माणूस तासभर कोडमध्ये चूक शोधत बसतो. आपला प्रोग्रॅम चालवताना नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ हवीच.

प्रश्न : विंडोज १० चा जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम. सरावासाठी व्हर्च्युअलबॉक्स (विंडोजच्या आत व्हर्च्युअल यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) घालू की सरळ लिनक्स?
— एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : सरळ लिनक्स. ४ जीबीत विंडोज आणि व्हर्च्युअल यंत्र दोघंही उपाशी राहतात, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेलाच आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, उतरवल्यावर तिचा शा२५६ हा पडताळणीचा आकडा संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून बघा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलच्या मध्यावर दगा देते. आधी इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज आणि टचपॅड तपासा. वायफाय दिसत नसेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा आणि ड्रायव्हर उतरवून घ्या.

विंडोज सोबत ठेवायचं असेल तर आधी तीन कामं: बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, फास्ट स्टार्टअप बंद करा (नाहीतर विंडोजची पार्टिशन लिनक्सवर फक्त वाचता येते, लिहिता येत नाही), आणि फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये स्टोरेज 'रेड' किंवा 'आरएसटी'वर असतं, ते 'एएचसीआय' करावं लागतं. पण विंडोज ठेवून हे एकदम बदललंत तर विंडोज सुरू होणार नाही, आधी त्याला सेफ मोडमध्ये उघडायची तयारी करावी लागते.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर यातलं काहीही करू नका. परवानगी घेऊन डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स, घाला, कमांड आणि प्रोग्रॅमिंगला तेवढं पुरतं.

प्रश्न : स्टेशनजवळच्या एका क्लासने लिनक्स ॲडमिनचे पंचावन्न हजार सांगितले, 'सर्टिफिकेट हमखास' म्हणतात. घ्यावा का?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : कुठलं सर्टिफिकेट, ते आधी विचारा. क्लासचं स्वतःचं असेल तर त्याची किंमत कागदाएवढी. रेड हॅट या लिनक्स कंपनीचं आरएचसीएसए असेल तर ते कुणी 'हमखास' देऊ शकत नाही: तीन तासांची परीक्षा, त्यात पर्याय निवडायचे नसतात, समोरच्या यंत्रावर कामं प्रत्यक्ष करून दाखवायची असतात. त्यामुळे वर्गात किती तास यंत्र हातात मिळणार, त्यावर रूट (व्यवस्थापकाचा) पासवर्ड तुमच्याकडे असणार का, आणि परीक्षेची फी पंचावन्न हजारांत धरली आहे की वेगळी, हे तीन प्रश्न डेमो लेक्चरलाच विचारा. आठवड्यातून दोन तास प्रोजेक्टरवर बघायचं असेल तर घरबसल्या फुकटात होतं. रेड हॅटचं वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शन मोफत आहे आणि सोळा यंत्रांपर्यंत चालतं, म्हणजे सरावाला खरं आरएचईएल, रेड हॅटचं लिनक्सच, मिळतं.

कागदही हवा आणि पायाही पक्का हवा, तर एनपीटीईएल बघा. आयआयटींचे वर्ग बघायला मोफत, फक्त परीक्षा द्यायची असेल तर फी. ती केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते आणि साधारणपणे २५ टक्के गुण दर आठवड्याच्या स्वाध्यायांचे असतात. नोकरदार मंडळी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वाध्याय चुकवतात आणि तिथेच गळतात. इंजिनिअरिंग झालेलं असेल आणि सहा महिने पूर्ण वेळ देता येत असेल तर खारघरच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा अभ्यासक्रम हाही पर्याय आहे, पण त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा आहे.

प्रश्न : महापेला एम्बेडेडमध्ये काम करतो. सी येतं. कर्नल आतून समजून घ्यायचा आहे. ड्रायव्हरचं एक प्रसिद्ध पुस्तक उतरवलं, पण त्यातलं एकही उदाहरण कंपाइल होत नाही.
— एक वाचक, घणसोली

उत्तर : 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स'ची तिसरी आवृत्ती असणार. ती २००५ ची आहे, कर्नल २.६.१० वर बेतलेली. कल्पना समजून घ्यायला आजही उत्तम, कोड उतरवून घ्यायला निरुपयोगी. कर्नलच्या आतली फंक्शन बदलत राहतात आणि जुनी टिकवण्याचं वचन कुणी दिलेलं नाही.

थेट लिनक्सच्या कोट्यवधी ओळींत शिरू नका. एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेली 'एक्सव्ही६' ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम घ्या. दहा हजारांहून कमी ओळी, सोबत मोफत पुस्तक, आणि आताची आवृत्ती रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर, म्हणजे त्याची नक्कल करणाऱ्या क्यूएमयूमध्ये चालवायची. वेगळा बोर्ड विकत घ्यायला नको. त्यातल्या प्रयोगांत स्वतःची सिस्टिम कॉल जोडा, पेज टेबल बघा, लॉक तोडून काय होतं ते बघा. जोडीला 'ऑपरेटिंग सिस्टिम्स : थ्री ईझी पीसेस' हे पुस्तक ठेवा, त्याची प्रकरणं लेखकांनी मोफत ठेवली आहेत.

मग खरा कर्नल कंपाइल करा. किमान ३० जीबी मोकळी जागा ठेवा. उबुंटूची तयार कॉन्फिग फाइल वापरलीत तर काही वेळाने 'कॅनॉनिकल सर्ट्स' नावाची फाइल सापडत नाही म्हणून काम थांबेल. कॉन्फिगमधल्या 'सिस्टिम ट्रस्टेड कीज' आणि 'सिस्टिम रिव्होकेशन कीज' या दोन ओळींतलं अवतरणातलं मूल्य रिकामं करा, पुढे जाईल. वेळ वाचवायला आधी 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालवा, म्हणजे सध्या लोड असलेलीच मॉड्यूल बनतात. मात्र त्याआधी पेनड्राइव्ह, वेबकॅम, ब्लूटूथ असं जे जे वापरता ते एकदा जोडून घ्या. जे त्या क्षणी जोडलेलं नसेल त्याचा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये नसेल. आणि जुना कर्नल काढू नका, नवा सुरू झाला नाही तर यंत्र सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतून त्याच्यावरच परत यायचं आहे.